कर्करोग ‘टाळणाऱ्या’ बाटल्या आणि कपाटातच राहिलेली औषधे : अन्न व औषध प्रशासनास खुले पत्र

प्रति,
माननीय सहआयुक्त (औषधे) आणि माननीय सहआयुक्त (अन्न),
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, नागपूर विभाग.
प्रत माहितीसाठी : आरोग्य विभाग, नागपूर महानगरपालिका.

विषय : कर्करोग प्रतिबंधाच्या दाव्याने होणारी कॅप्सूल, अर्क व काढ्यांची विक्री आणि खऱ्या प्रतिबंधक औषधांविषयीचे अज्ञान.

महोदय,

दक्षिण नागपुरात, मेडिकलपासून (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयापासून) पायी जाता येईल इतक्या अंतरावर, गेली तेवीस वर्षे माझे औषधांचे दुकान आहे. मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तरीही डॉक्टरकडे जाण्याआधी माणूस ज्याच्याशी दोन शब्द बोलतो तो बहुतेक वेळा औषधवालाच असतो, आणि त्या दोन शब्दांत पुष्कळ काही ठरून जाते. कर्करोग होऊ नये म्हणून काय घ्यावे, हा प्रश्न माझ्या काउंटरवर आता आठवड्यातून चार-पाच वेळा येतो. त्याचे जे उत्तर बाजार देत आहे आणि जे उत्तर वैद्यकशास्त्राकडे खरोखर आहे, त्या दोहोंतील अंतर मला अस्वस्थ करते. बाजाराचे हे उत्तर आपल्या दोन्ही शाखांच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र आपल्याला आणि जाहीरपणे लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात चाळिशीचे एक ऑटोचालक दुकानात आले. त्यांनी पिशवीतून हळदीच्या अर्काच्या कॅप्सूलची रिकामी बाटली काढली आणि विचारले, “भाऊ, हे तुमच्याकडे भेटते का? तिकडे लई महाग पडते.” सात महिन्यांपासून ते महिन्याला एक बाटली घेत होते. बाटलीसोबत मिळालेले मराठी पत्रक त्यांनी घडी करून पाकिटात ठेवले होते, त्यावर ठळक अक्षरांत ‘कर्करोगापासून संरक्षण’ असे छापलेले होते. बाटलीच्या मागच्या बाजूला मात्र, मला चष्मा लावूनही तिरपी धरून वाचावी लागली अशा बारीक इंग्रजी अक्षरांत, ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सूचना होती. ही बाटली का घेता, असे मी विचारल्यावर त्यांनी बोटाने डावा गाल ओढून दाखवला. आत, दाढांच्या रेषेत, रुपयाच्या नाण्याएवढा पांढरा चट्टा होता, खरडला तरी न निघणारा. त्याच गालात ते पंधरा वर्षांपासून खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना यांचे घोटलेले मिश्रण, धरत होते. तोंड किती उघडते ते पाहण्यासाठी मी त्यांना तीन बोटे उभी करून तोंडात घालायला सांगितले, तर दोनच गेली. घरच्या भाजीचे तिखटही वर्षभरापासून झोंबते, असे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितले.

चट्टा दिसल्यावर घाबरून त्यांनी काहीतरी केले होते, हे लक्षात घ्यावे अशी माझी विनंती आहे. हा माणूस बेफिकीर नव्हता. महिन्याला बाराशे रुपये खर्च करून, एकही दिवस न चुकवता, तो स्वतःला वाचवत होता. शासकीय दंत महाविद्यालय त्याच्या रोजच्या ऑटो स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होते आणि तिथे तो गेला नाही, कारण इलाज सुरूच आहे अशी त्याची खात्री होती. बाटलीतल्या कॅप्सूलने त्याच्या शरीराचे काही बिघडवले की नाही हे मी सांगू शकत नाही. तिने त्याचे सात महिने नेले, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

औषध किंवा नैसर्गिक पदार्थ देऊन कर्करोग टाळता येईल, ही कल्पना मुळातच भोंदूगिरी आहे असे माझे म्हणणे नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ मायकेल स्पॉर्न यांनी १९७६ साली या शाखेला ‘केमोप्रिव्हेन्शन’ हे नाव दिले, आणि तेव्हापासून तिच्यावर गंभीर काम झालेले आहे. पेशी निरोगी अवस्थेतून एका रात्रीत कर्करोगाची होत नाही. मधल्या पायऱ्यांना अनेकदा दहा-वीस वर्षे लागतात, आणि त्या काळात योग्य पदार्थ देऊन ही वाटचाल थांबवावी किंवा निदान मंदावावी, असा तो विचार आहे. वनस्पतींकडे वळण्यातही काही गैर नाही. सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन मिळाले, आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्यापासून कॅम्प्टोथेसिन मिळते आणि त्यावरून आज वापरात असलेली औषधे तयार झाली. ही उपचाराची औषधे आहेत, प्रतिबंधाची नव्हेत. पण झाडापासून बाटलीपर्यंत पोहोचताना मात्रा, शुद्धता, दुष्परिणाम आणि माणसांवरची चाचणी हे टप्पे किती काटेकोरपणे पार करावे लागतात, ते त्यांच्यावरून कळते. सदाफुलीची पाने चावून कोणी रक्ताच्या कर्करोगावर उपचार करत नाही.

माणसांवरची चाचणी का हवी, याचे सर्वांत मोठे उदाहरण गाजराच्या रंगद्रव्याचे आहे. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, आणि त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असते. तेव्हा ते वेगळे काढून गोळीत दिले तर धूम्रपान करणाऱ्यांना संरक्षण मिळेल, असे जगभरच्या जाणत्या लोकांना वाटले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली आणि १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला होता. अमेरिकेत १८,३१४ लोकांवर, त्याच द्रव्याला ‘अ’ जीवनसत्त्वाची जोड देऊन, दुसरी चाचणी सुरू होती. तिच्यात वाढ २८ टक्के दिसल्यामुळे ती १९९६ साली मुदतीपूर्वी थांबवावी लागली. गाजर खाण्यात धोका होता असा याचा अर्थ कोणी लावू नये. ताटातल्या भाजीतून मिळणारे द्रव्य आणि तेच द्रव्य मोठ्या मात्रेत, वर्षानुवर्षे, धुराने जखमी झालेल्या फुप्फुसांना मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. पुढे ३५,५३३ पुरुषांवर ‘ई’ जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांची चाचणी झाली. दोघांपैकी कशानेही प्रोस्टेटचा कर्करोग टळला नाही, उलट २०११ च्या अहवालात एकटे ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी अधिक आढळला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून ज्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात आणि मागितल्या जातात, त्यांतील अनेकांच्या घटकांत बीटा-कॅरोटीन, सेलेनियम आणि ‘ई’ जीवनसत्त्व असते. अशा स्ट्रिप मी कित्येक वर्षे बिडी-सिगारेट ओढणाऱ्या गिऱ्हाइकांना विकल्या आहेत, आणि ‘फुप्फुसांसाठी चांगल्या असतात’ असे वर सांगितलेही आहे. बीटा-कॅरोटीनचे वर दिलेले निकाल तेव्हा जाहीर होऊन दहा वर्षे उलटली होती. मी ते वाचले नव्हते, आणि वाचायला हवे होते, कारण माझ्या दुकानात माझ्या नावाचे नोंदणीपत्र टांगलेले आहे. आता बीटा-कॅरोटीन असलेली स्ट्रिप देण्याआधी मी बिडी-सिगारेटबद्दल विचारतो. काही गिऱ्हाइके त्यामुळे नाराज होऊन शेजारच्या दुकानात जातात.

हळदीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे हळदीवर शंका घेणे म्हणजे आजीवर शंका घेण्यासारखे मानले जाते. फोडणीत पडणाऱ्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते. बाजारातील एका पाचशे मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये, ती पंचाण्णव टक्के शुद्ध असल्यास, पंधरा-सोळा ग्रॅम हळदीतले कर्क्युमिन एकवटलेले असते, म्हणजे सुमारे पाच चहाचे चमचे हळद एका घोटात. म्हणून ‘आपण रोज खातोच की’ हे समर्थन कॅप्सूलला लागू पडत नाही. दुसरी अडचण अशी की कर्क्युमिन आतड्यांतून फारसे शोषले जात नाही, आणि जे शोषले जाते ते आतडे व यकृत झपाट्याने बदलून टाकतात. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर ते जो प्रभाव दाखवते तो माणसाच्या शरीरात दिसत नाही, याचे एक मोठे कारण हे आहे. त्यावर तोडगा म्हणून कॅप्सूलमध्ये मिऱ्यातील पायपरीन घालतात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात वीस मिलिग्रॅम पायपरीनने कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता वीस पटींनी वाढल्याचे दिसले, आणि तो आकडा तेव्हापासून जाहिरातींत मिरवतो. पण पायपरीन हे काम ज्या रीतीने करते, म्हणजे द्रव्यांचा निचरा करणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) मंद करून, त्याच रीतीने ते फिटच्या गोळ्यांसारख्या इतर औषधांचीही रक्तातील पातळी वाढवू शकते. अमेरिकेत आणि इटलीत हळदीच्या अशा पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि इटलीने २०२२ साली त्यांच्या वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. ग्रीन टीच्या अर्काचेही तसेच आहे. दिवसाला आठशे मिलिग्रॅमहून अधिक मुख्य घटक पोटात गेल्यास यकृताची विकरे वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये म्हटले आहे. कपातला चहा त्यात येत नाही.

मग त्या ऑटोचालकाच्या पांढऱ्या चट्ट्यावर हळदीचा काहीच उपयोग नव्हता का? याचे प्रामाणिक उत्तर आपल्याच देशात शोधले गेले आहे, आणि ते सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. केरळमध्ये तोंडातील पांढऱ्या चट्ट्याच्या, म्हणजे ल्युकोप्लाकियाच्या, २२३ रुग्णांवर कर्क्युमिनची रीतसर चाचणी झाली आणि तिचा निकाल २०१६ मध्ये आला. रोज ३.६ ग्रॅम, सहा महिने. चट्टा आटण्याचे प्रमाण कर्क्युमिन घेणाऱ्यांत ६७.५ टक्के, तर नुसती खोटी गोळी, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली, घेणाऱ्यांत ५५.३ टक्के होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींतील बदलांत मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. खोट्या गोळीने निम्म्याहून अधिक लोकांचे चट्टे आटले, हा आकडा माझ्या मते प्रत्येक औषधवाल्याने काउंटरच्या काचेखाली ठेवावा. कारण ‘मला फरक पडला’ असे सांगणारे गिऱ्हाईक खोटे बोलत नसते, आणि तरीही त्याच्या सांगण्यावरून बाटलीविषयी काही सिद्ध होत नसते. त्याआधी, १९९७ साली, केरळमधील तंबाखू खाणाऱ्या १६० लोकांवर ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेची चाचणी झाली होती. तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांचे चट्टे पूर्ण नाहीसे झाले, पण औषध थांबवल्यावर त्यांतील बहुतेकांचे परत आले. म्हणजे या वाटेने काही हाती लागू शकते. पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, आधी बायोप्सी (चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासणी) करून, आणि ज्याने चट्टा झाला तो पदार्थ सोडून. ज्यांच्या गालाची बायोप्सीच झालेली नाही त्यांच्यासाठी या चाचण्यांतून कॅप्सूल विकत घेण्याची कोणतीही परवानगी निघत नाही.

आता दुसरी बाजू, जी मला अधिक लागते, कारण ती माझ्या घरातली आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या स्तनात गाठ लागली. बायोप्सीच्या अहवालात कर्करोग नाही, पण ‘अटिपिकल डक्टल हायपरप्लेसिया’, म्हणजे दूधनलिकांतील पेशींची अनियमित वाढ, आहे, असे लिहून आले. ही अवस्था असलेल्या स्त्रीला पुढे स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे चौपट असते. त्या रुग्णालयात तिला “काही नाही, निश्चिंत राहा” असे सांगण्यात आले आणि निघताना अँटिऑक्सिडंटच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून देण्यात आल्या. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याच दुकानात आली.

तिला ज्याविषयी कोणी बोलले नाही ते औषध माझ्या मागच्या कपाटात तिसऱ्या खणात होते. टॅमॉक्सिफेन. ते जुने आहे, स्वस्त आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे. अधिक धोका असलेल्या १३,३८८ स्त्रियांवर अमेरिका व कॅनडात त्याची चाचणी झाली, आणि पाच वर्षे औषध घेणाऱ्यांत स्तनाचा पसरणारा कर्करोग जवळजवळ निम्म्याने कमी झाल्याचे १९९८ साली जाहीर झाले. बहिणीसारखा बायोप्सी अहवाल असलेल्यांत तर तो फायदा याहूनही मोठा दिसला. इटलीत ५०० स्त्रियांवर नेहमीच्या वीसऐवजी पाच मिलिग्रॅमची अल्प मात्रा तीन वर्षे देऊन पाहिली गेली. २०१९ च्या निकालानुसार औषधाच्या गटात १४ आणि खोट्या गोळीच्या गटात २८ स्त्रियांच्या स्तनात कर्करोग किंवा त्याची अगदी सुरुवातीची अवस्था नव्याने वा पुन्हा आढळली. मी हे वाचून काढले आणि तिला दुसऱ्या तज्ज्ञांकडे घेऊन गेलो. त्यांनी अर्धा तास दिला. टॅमॉक्सिफेनमुळे गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे त्यांनी आधी सांगितले आणि मग विचारले, “ताई, पूर्वी कधी पाय सुजून रक्ताची गुठळी निघाली होती का?” निघाली होती, दुसऱ्या बाळंतपणानंतर. त्यामुळे ते औषध तिच्यासाठी नव्हते. ठरले ते असे की दरवर्षी मॅमोग्राफी आणि सहा महिन्यांनी तपासणी, आणि तिने ते मनापासून स्वीकारले आहे.

मला या प्रसंगातून एक कसोटी मिळाली, ती मी आता रोज वापरतो. जे औषध खरोखर काही करते ते कोणाला देऊ नये याची यादी त्याच्यासोबत येते. ‘सर्वांसाठी, कोणताही दुष्परिणाम नाही’ असे ज्या बाटलीवर लिहिलेले असते ती काही करते यावरच माझा विश्वास बसत नाही. अॅस्पिरिनचे उदाहरण घ्या. लिंच सिंड्रोम नावाचा, आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष असलेल्या ८६१ लोकांवर चाचणी झाली. दोन वर्षे रोज सहाशे मिलिग्रॅम अॅस्पिरिन घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग पुढील दीर्घ काळात ९ टक्क्यांना, तर खोटी गोळी घेणाऱ्यांत १३ टक्क्यांना झाला. अशा घराण्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पण तेच अॅस्पिरिन, शंभर मिलिग्रॅमच्या मात्रेत, १९,११४ निरोगी वृद्धांवर तपासले तेव्हा २०१८ च्या निकालात रक्तस्राव वाढलेला दिसला आणि मृत्यूही, त्यात कर्करोगाचे मृत्यू अधिक, वाढलेले दिसले. गोळी एकच होती, माणसे वेगळी होती. माझ्याकडे सत्तरीचे काकाजी ‘कॅन्सर होत नाही म्हणतात’ म्हणून स्वतःहून अॅस्पिरिनची स्ट्रिप मागतात, तेव्हा त्यांना हे काउंटरवर उभ्या उभ्या समजावून सांगणे किती अवघड जाते हे कृपया समजून घ्यावे.

आता कायद्याकडे येतो. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या कलम ३ नुसार, अनुसूचीतील रोगांच्या केवळ उपचाराची नव्हे तर प्रतिबंधाचीही जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि कर्करोग त्या अनुसूचीत आहे. ‘जाहिरात’ या शब्दात कायद्याने लेबल, वेष्टन, पत्रक आणि तोंडी घोषणाही धरलेली आहे. म्हणजे सोसायटीच्या सभागृहात ध्वनिक्षेपकावरून केलेला दावाही त्यात येतो. दुसरीकडे, अन्न म्हणून परवाना घेतलेल्या आरोग्यपूरकांना रोग टाळतो किंवा बरा करतो असा दावा करता येत नाही, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना छापणे त्यांना बंधनकारक आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. माझ्या हाती आलेल्या बाटलीने हे दोन्ही कायदे एकमेकांआड लपण्यासाठी वापरले आहेत. बाटलीवरचे लेबल अन्नाचे आणि नियमाप्रमाणे आहे, पत्रकावरचा दावा औषधाचा आहे, आणि दोन्ही गोष्टी एकाच पिशवीतून गिऱ्हाइकाच्या हाती जातात. महाराष्ट्रात अन्न आणि औषध या दोन्ही शाखा एकाच प्रशासनाखाली आहेत, ही आपल्या राज्याची मोठी सोय आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की कर्करोगाचा उल्लेख असलेल्या पूरकांची तपासणी दोन्ही शाखांच्या निरीक्षकांनी मिळून करावी, बाटली आणि पत्रक एकत्र जप्त व्हावे, आणि ती तपासणी दुकानांपुरती न ठेवता आरोग्य शिबिरे, प्रदर्शने आणि घरोघरच्या साखळी विक्रीपर्यंत जावी. माझ्यासारख्या दुकानदारांनाही यातून सूट नको.

‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, विक्रीच्या जागी फलकावर लावण्याची सूचना आपण विभागात काढावी, ही दुसरी विनंती. त्या ऑटोचालकाने ते तीन शब्द मराठीत वाचले असते तर कदाचित पहिलीच बाटली परत केली असती.

तिसरी विनंती खर्ऱ्याविषयी आहे, आणि ती महापालिकेच्या आरोग्य विभागालाही आहे. आपल्या शहरात पुरुषांच्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. त्याचे कारण शोधायला पानठेल्यावर पन्नीत घोटल्या जाणाऱ्या सुपारी, तंबाखू आणि चुन्यापलीकडे जावे लागत नाही. सुपारी ही तंबाखूशिवायही कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच प्रसिद्ध केले आहे. तेव्हा खर्रा खाणाऱ्या माणसाने कर्करोग टाळण्यासाठी माझ्या दुकानातून काही घ्यायचेच असेल, तर ते तंबाखू सोडण्यास मदत करणारे औषध असावे. दोन मिलिग्रॅमचे निकोटीन गम चिठ्ठीविना देता येते. ते कसे चघळायचे, दोन-चार वेळा चावून गालात कधी धरून ठेवायचे, लगेच वर चहा का प्यायचा नाही, हे सांगायला तीन मिनिटे लागतात. ज्यांना गमने भागत नाही त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या गोळ्या आहेत. खर्ऱ्याच्या बाबतीत अडचण अशी आहे की गम निकोटीनची तलफ भागवते, सुपारीची नाही, आणि सुपारीचीही स्वतंत्र सवय लागते. म्हणून समुपदेशनाशिवाय नुसते गम देऊन भागत नाही, आणि १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक मी गमच्या प्रत्येक पाकिटावर पेनाने लिहून देतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. त्या बंदीच्या अंमलबजावणीइतकेच महत्त्व गम आणि समुपदेशन स्वस्तात उपलब्ध करण्याला मिळावे.

तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम तीस वर्षांवरील सर्वांसाठी आहे, आणि आशाताई त्यासाठी घरोघर अर्ज भरून घेतात. आपल्याच राज्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सुमारे १,३२,००० स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाने २००९ साली दाखवून दिले की एचपीव्ही या, त्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या विषाणूची एकच चाचणी केल्याने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्याने घटले. त्याच विषाणूवरची लस आता पुण्यात तयार होते. मुलीला वेळेवर दिलेली ती लस आणि जन्मल्यावर चोवीस तासांत दिलेली हिपॅटायटिस-बीची लस यांहून खात्रीचे कर्करोग प्रतिबंधक औषध मला माहीत नाही. पण लसीविषयी विचारणारे पालक माझ्याकडे महिन्यातून एखादे येतात, आणि कर्करोग टाळणाऱ्या कॅप्सूलविषयी विचारणारे आठवड्यातून चार-पाच, हे मी वर लिहिलेच आहे.

म्हणून शेवटची विनंती अशी की औषधविक्रेत्यांना या साखळीत सामील करून घ्यावे. शहरातील औषध दुकानदारांसाठी वर्षातून एकदा अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे. तोंडातला दोन आठवड्यांहून जुना चट्टा किंवा न भरणारी जखम, तीन बोटे न जाणारे तोंड, स्तनातील नवी गाठ, घरात दोन-तीन जणांना झालेला आतड्याचा कर्करोग हे ऐकताच गिऱ्हाइकाला कुठे पाठवायचे, याची एक पानाची मराठी चिठ्ठी आमच्या हाती द्यावी. आणि जिथे पाठवायचे तिथे, आठवड्यातून एक दिवस का होईना, धोका अधिक असलेल्या पण अद्याप कर्करोग न झालेल्या माणसांसाठी बाह्यरुग्ण विभाग असावा, जिथे माझ्या बहिणीला मिळालेला तो अर्धा तास कोणालाही नशिबावर न सोडता मिळेल. टॅमॉक्सिफेन घ्यायचे की नाही, अॅस्पिरिन कोणाला चालेल, चट्ट्याची बायोप्सी कधी, हे प्रश्न तिथे सोडवले जावेत. जागा, औषधे आणि शिकलेली माणसे शहरात आहेत.

त्या ऑटोचालकाला मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन दंत महाविद्यालयात पाठवले. बायोप्सीत मध्यम प्रमाणात कर्करोगपूर्व बदल आढळले, चट्टा काढला गेला, आणि आता ते दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. खर्रा दोनदा सुटून दोनदा परत लागला, तिसऱ्या खेपेला पाच महिने झाले आहेत. ती रिकामी बाटली आणि घडी पडलेले पत्रक त्यांनी माझ्याकडेच सोडले. दोन्ही मी खरेदीच्या बिलासह एका पाकिटात, काउंटरच्या खणात ठेवले आहे, आणि आपले निरीक्षक येतील त्या दिवशी लेखी जबाबासह त्यांच्या स्वाधीन करीन.

आपला विश्वासू,
दक्षिण नागपुरातील एक नोंदणीकृत फार्मासिस्ट